मालवणच्या खडकांवर अडकलेली जाळी काढताना: स्वयंसेवक डायव्हरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला, पद्मगडाच्या कडेला आणि त्यापुढच्या बुडीत खडकांवर ५ ते १२ मीटर खोलीत प्रवाळ आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं ते याच पट्ट्यासाठी. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर आणि त्यातला गाभा ३.१८२ चौरस किलोमीटरचा. मासे जिथे जास्त तिथेच जाळं पडतं, आणि खडक जिथे जास्त तिथेच ते अडकतं. नायलॉन कुजत नाही. अडकलेल्या जाळ्यात मासा सापडतो, त्याला खायला कुर्ली येते, ती सापडते, मग शेवंड येतो. मालकाने आशा सोडल्यावरही जाळं मासेमारी करतच राहतं. लाटेबरोबर हलताना ते प्रवाळाचा जिवंत पृष्ठभाग खरवडतं आणि जिथे साचून बसतं तिथे ऊन अडवतं.

ते काढण्याचं काम ताकदीचं वाटतं, पण निम्म्याहून जास्त काम निवडीचं आहे. कोणतं जाळं काढायचं, कोणतं अर्धं काढायचं आणि कोणतं तिथेच सोडायचं, हे ज्याला कळतं त्याच्या हातून प्रवाळ वाचतो. घाईने ओढलेलं एक जाळं काही मिनिटांत इतकं मोडतं की ते भरून यायला वर्षं लागतात.

पाण्यात उतरण्याआधीची कामं

अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून परस्पर उतरून काही काढता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ इथे लागू आहे. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या, समुद्रघोडे आणि समुद्री कासवं यांना या कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यासोबत प्रवाळाचा तुकडा वर आला तर कागदोपत्री तो गुन्हाच ठरू शकतो. म्हणून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी अर्ज करा. त्यात जागा, तारखा, डायव्हरांची नावं आणि प्रमाणपत्रं, बोटीचा नोंदणी क्रमांक, आणि काढलेलं जाळं कुठे नेणार हे सगळं लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक अर्जांत राहून जातो आणि उत्तरादाखल पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरी भेट मच्छीमार सोसायटीची, आणि ती परवानगीइतकीच महत्त्वाची. जाळं अडकलेलं आहे म्हणजे ते सोडून दिलेलं आहे असं नाही. वर बोया किंवा बावटा तरंगत असेल तर ते कुणाचं तरी चालू जाळं आहे, त्याला हात लावायचा नाही. बोया नसला तरी आधी विचारा. जाळं म्हणजे कुटुंबाचं भांडवल असतं, आणि मालक सापडला तर त्याला ते परत हवं असू शकतं. कुठे काय अडकलंय याची सर्वांत चांगली माहितीही त्याच लोकांकडे असते. कोणत्या खडकावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकारचं जाळं गेलं हे ते किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून सांगतात. या भेटीत दोष देण्याचा सूर आला की माहिती तिथेच थांबते. जाळं हरवलं की मच्छीमाराचंही नुकसानच होतं. काढलेली शिशी (जाळ्याच्या खालच्या कडेची शिशाची वजनं) आणि बोये सोसायटीत परत आणून देऊ, असं सांगा आणि खरंच आणून द्या. पुढच्या वेळी फोन तिकडून येतो.

कोणी उतरावं

पर्यटक म्हणून प्रशिक्षकाचा हात धरून केलेला एक डाइव्ह इथे मोजायचा नाही. किमान ओपन वॉटर हे स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र, त्यावर २५-३० डाइव्ह, आणि शेवटचा डाइव्ह सहा महिन्यांच्या आतला हवा. पण प्रमाणपत्रापेक्षा चाचणी खरी: वाळूच्या तळापासून अर्धा मीटर वर, हात न हलवता, पाच मिनिटं एकाच जागी तरंगून राहता येतं का? आणि तसं तरंगत असताना दोन्ही हातांनी काही बांधता येतं का? नाही आलं तर त्या व्यक्तीला बोटीवर काम द्या. तिथेही माणसं कमीच पडतात.

तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण केंद्रासारखा खोल तलाव मिळाला तर एक दिवस सराव तिथेच करा. लोखंडी जाळीच्या चौकटीवर जुनं जाळं ताणून बांधा, खाली खेळण्याच्या विटा ठेवा आणि एकही वीट न हलवता जाळं कापून पिशवीत भरायला सांगा. मग मास्क काळ्या कापडाने झाकून, अंगावर जाळ्याचा तुकडा टाकून, त्यातून सुटायचा सराव घ्या. हा दुसरा सराव कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका.

दिवस आणि वेळ

जून-जुलै मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात पाणी डाइव्हिंगजोगं नसतं. ऑक्टोबरात नद्यांचा गढूळपणा उरलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सर्वांत स्वच्छ. पहिली पाहणी नोव्हेंबरात करा, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला गेलेली जाळी सापडतात. दुसरी फेरी एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत करा, कारण पावसाळ्याच्या लाटांत सैल जाळं खडकभर फरफटतं आणि एका जागेचं नुकसान दहा जागी पसरतं.

भरतीचा हिशोब तिथीवरून लावायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ जास्त असते, ते दिवस सोडा. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, पाणी कमी चढतं-उतरतं आणि ओढ मंद असते. त्यामुळे दशमी-एकादशी या कामासाठी सोयीची: भरती सकाळी साडेसात-आठला पूर्ण होते, मतलई वारा अजून मंद असतो आणि दुपारचा खारा वारा सुटायला वेळ असतो. ओहोटी लागली की कर्ली आणि कोळंबच्या खाड्यांचं गढूळ पाणी बाहेर येतं, म्हणून भरती पूर्ण होण्याआधीचा तास आणि नंतरची वीस-पंचवीस मिनिटं एवढीच कामाची वेळ धरा. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून तपासून घ्या, तिथीचा हिशोब दिवस निवडण्यापुरताच.

सामान

प्रत्येकाकडे कापायची दोन साधनं, दोन वेगळ्या जागी, दोन्ही हातांना पोचतील अशी. तंगुसाचं (नायलॉनच्या एकेरी, बिनपिळाच्या धाग्याचं) बारीक जाळं सुरीने नीट कापत नाही, ते सुरीपुढे सरकत राहतं. त्याला रुग्णवाहिकेत कपडे कापायला वापरतात ती बोथट टोकाची कात्री सर्वांत चांगली. जाड दोरासाठी दातेरी पात्याची, बोथट टोकाची सुरी. अणकुचीदार सुरी नको, ती बीसीडी (हवा भरून तरंगण्याचं जाकीट) फाडते. सुरी पोटरीला बाहेरच्या बाजूने बांधू नका, जाळं पहिल्यांदा तिथेच अडकतं.

अंगावर लोंबणारं काहीही नको. स्नॉर्केल काढून ठेवा. प्रेशर गेज (टँकमधला हवेचा दाब दाखवणारं मीटर) आणि दुसरा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) छातीशी क्लिपने लावा. फिनचे पट्टे स्प्रिंगचे असावेत. नसतील तर लोंबणारी टोकं आत वळवून चिकटपट्टीने बंद करा. टँकचा व्हॉल्व्ह पाठीमागे असतो आणि जाळं तिथे अडकलेलं आपल्याला दिसत नाही, हे जोडीदाराने लक्षात ठेवायचं.

हातमोजे कापले न जाणारे घ्या. मात्र हातमोजे घातले की माणूस नकळत खडकाला धरतो. आधारासाठी फक्त मोकळा, निर्जीव खडक, तोही एका बोटाने.

याशिवाय जोडीमागे दोन जाळीदार पिशव्या, एकेक मीटर लांबीच्या आठ-दहा दोऱ्या, पाण्याखाली लिहायची एक स्लेट, पाण्यावर सोडायचा मार्कर बोया, आणि बोटीवर ऑक्सिजनचा संच, डायव्हर पाण्यात असल्याचा बावटा, भरपूर गोडं पाणी.

हवेचा हिशोब आधीच मांडा. साधारण ११ लिटरच्या टँकमध्ये २०० बार (बार हे दाबाचं एकक) दाबाला सुमारे २,२०० लिटर हवा असते. काम करताना श्वास वाढतो, पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर धरले तर १० मीटरवर दाब दुप्पट असल्याने ५० लिटर लागतात. २०० वरून ८० बारवर येईपर्यंत १,३२० लिटर, म्हणजे २६ मिनिटं. म्हणून नियम असा: १०० बारला कापणं थांबवा आणि आवराआवर करा, ८० बारला वर निघा, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा आणि ५० बार हातात ठेवून बोटीवर या. जोडीत ज्याची हवा आधी संपते त्याच्या गेजवर दोघंही चालतात.

पाहणीचा डाइव्ह

पहिल्या डाइव्हला कात्री कमरेलाच राहू द्या. जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच्या बाजूने जा, त्याच्या वरून नव्हे. लांबी अंदाजे मोजा (हात पसरून, किंवा खुणा केलेल्या दोरीने), खोली लिहा, फोटो काढा. मग प्रत्येक भागासाठी निर्णय घ्या.

वाळूवर किंवा उघड्या खडकावर सैल पडलेलं जाळं पूर्ण काढा. खडकाच्या कपारीत गेलेलं, पण प्रवाळ न चिकटलेलं जाळं तुकड्यांनी काढा. आणि ज्याच्यावर प्रवाळ, स्पंज किंवा समुद्रपंखा वाढला आहे ते ओढू नका. त्याच्या चारही बाजूंनी, वाढीच्या अगदी लगत कापा आणि आतला तुकडा तसाच राहू द्या. तो आता खडकाचा भाग झाला आहे. मालवणला दिसणारा पानासारखा पसरलेला टर्बिनारिया प्रवाळ विशेष जपा, त्याची कड जाळ्याच्या एका हिसक्याने तुटते. गोलसर, दगडी प्रवाळ तुटत नाही पण खरवडतो, आणि खरवडलेल्या जागी शेवाळ बसतं.

खूप मोठं, जड ट्रॉल जाळं (बोटीमागून ओढायचं) किंवा १८ मीटरपेक्षा खोलवरचं जाळं असेल तर ते स्वयंसेवकांचं काम नाही. जागा आणि फोटो वनविभागाला व मत्स्यव्यवसाय विभागाला द्या.

कापायचं कसं

एका जाळ्यावर एका वेळी दोन जोड्या पुरेत. त्याहून जास्त माणसं उतरली की तळ ढवळून निघतो आणि कुणालाच काही दिसत नाही. जोडीत एक कापतो. दुसरा जाळं धरतो, पिशवी सांभाळतो आणि दोघांची हवा बघतो.

१. प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला राहा. जाळं आणि उडालेला गाळ तुमच्यापासून लांब जातो. विरुद्ध बाजूला गेलात तर जाळं तुमच्या अंगावर येत राहील.

२. जाळं भिंतीसारखं उभं असेल तर आधी बोये कापू नका. वरचा दोर सुटला की सगळी भिंत प्रवाळावर कोसळते. खालची शिशीवाली कडही आधी कापू नका, मग ते वर तरंगून डोक्यावर पसरतं. एका टोकापासून जाळं गुंडाळत जा, दर मीटरला दोरीने बांधा, आणि गुंडाळी घट्ट झाल्यावर तो तुकडा वरखाली दोन्हीकडून कापून मोकळा करा.

३. तुकडे एक-दीड मीटरचेच ठेवा. मोठा तुकडा एकदम निघाल्याचं समाधान वाटतं, पण तो पिशवीत मावत नाही आणि नेताना पुढच्या प्रवाळाला घासतो.

४. प्रवाळाजवळ एका हाताने जाळं प्रवाळाकडेच ढिलं धरा, म्हणजे ताण निघेल. मग दुसऱ्या हाताने आस (जाळ्याचं एकेक भोक) एकेक करून कापा. धागा ताणलेला असताना कापला तर तो झटकन मागे येतो आणि प्रवाळ खरवडतो.

५. कापलेला प्रत्येक तुकडा लगेच पिशवीत. बोटभर लांबीचा तंगुसाचा धागासुद्धा सोडू नका. पिशवी खडकावर टेकवू नका, वाळूचा तुकडा शोधून तिथे ठेवा.

६. दर पाच मिनिटांनी थांबा, मागे सरका, एकमेकांकडे पाहा. कापताना नजर एका आसावर खिळते, आणि या कामातले बहुतेक अपघात त्याच वेळी होतात.

वर आणणं

दहा मीटरपर्यंतच्या कामाला लिफ्ट बॅग (हवा भरून ओझं वर उचलणारी पिशवी) न वापरलेलीच बरी. बोटीवरून कॅराबिनर लावलेली दोरी सोडा, पिशवी अडकवा, ठरलेल्या खुणेने, समजा तीन झटके, वर कळवा आणि डायव्हर बाजूला झाल्यावरच ओढू द्या. दोरी सरळ उभी असावी. बोट वाहत गेली असेल तर दोरी तिरकी होते आणि पिशवी खडकावरून फरफटते. डायव्हर खाली असताना इंजिन सुरू करायचं नाही, म्हणून बोट आधीच नांगरून ठेवा. नांगर वाळूत टाकायचा, प्रवाळावर नाही.

लिफ्ट बॅग लागलीच तर ती प्रशिक्षण घेतलेल्यानेच वापरावी. हिशोब सोपा आहे: एक लिटर हवा सुमारे एक किलो वजन उचलते. पाण्यात १२ किलो भरणाऱ्या पिशवीला १२ लिटर हवा. पण १० मीटरवरचे १२ लिटर ५ मीटरवर १६ होतात आणि पृष्ठभागावर २४. मोठी बॅग घेतली तर ही वाढलेली हवा आत राहते, बॅग वेग घेते, वर उसळून कलंडते आणि रिकामी होऊन सगळं ओझं परत खाली येतं. म्हणून वजनाच्या जेमतेम वरची, खालून उघडी असलेली लहान बॅग घ्या, जास्तीची हवा आपोआप बाहेर पडेल. बॅग स्वतःला कधीही क्लिप करू नका, तिच्या वर किंवा खाली थांबू नका. सुटलेल्या बॅगेमागे वर धावणं सर्वांत धोक्याचं. १० मीटरवरून श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस फाटायला त्याहून खूप कमी वाढही पुरते.

जाळ्यातले जीव

पिशवी भरण्याआधी प्रत्येक तुकडा तपासा. जिवंत कुर्ली, शेवंड, मासे तिथल्या तिथे सोडा. कुर्लीला मागून, पाठीवर धरून तिच्याभोवतीचं जाळं कापायचं. पाय ओढून काढायचा नाही. विंचूमासा आणि पाकट यांच्यापासून हात लांब ठेवा, आणि कपारीत न बघता हात घालू नका. काटा लागलाच तर डाइव्ह संपवा, जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा आणि मग दवाखाना गाठा.

कासव सापडलं तर बाकी सगळं काम थांबतं. ते हवेत श्वास घेणारं आहे, म्हणून आधी त्याला जाळ्याच्या मुख्य भागापासून कापून मोकळं करा आणि पृष्ठभागाकडे न्या. मानेत किंवा वल्ह्यासारख्या पायात रुतलेला धागा ओढू नका, तो पशुवैद्यच काढेल. बोटीवर घेतल्यावर सावलीत ठेवा, ओलं कापड घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. हालचाल नसली म्हणजे मेलंच असं नाही. पोटावर ठेवून मागचा भाग साधारण १५ सेंटिमीटर उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं, आणि काही तास तसंच राहू द्या. तोंडात पाणी ओतू नका, पाठीवर उलटं करू नका, पाण्याच्या टबात ठेवू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

स्वतः अडकलात तर

थांबा. वळून बघायचा मोह आवरा, वळलं की जाळं आणखी गुंडाळतं. श्वास संथ करा, टँकवर ठोकून जोडीदाराला बोलवा, आणि त्याला मागून कापू द्या. जोडीदार पोचत नसेल तर ज्या दिशेने आत आलात त्याच दिशेने अर्धा मीटर मागे सरका, पुष्कळदा तेवढ्याने सुटतं. बीसीडी अंगातून काढणं हा शेवटचा उपाय, तोही रेग्युलेटर तोंडात ठेवून आणि तलावात सराव केलेला असेल तरच. समुद्रात मदत लागल्यास तटरक्षक दल १५५४, किनाऱ्यावर रुग्णवाहिका १०८. हे दोन्ही क्रमांक बोटीवर ठळक लिहून लावा.

किनाऱ्यावर

जाळं पंधरा मिनिटं निथळू द्या, मग ताणकाट्यावर वजन करा आणि नोंदीत ‘ओलं’ असं लिहा. नाहीतर एका फेरीचं वाळलेलं वजन दुसऱ्या फेरीच्या ओल्याशी ताडलं जातं. प्रत्येक जाळ्यासाठी जागेचे अक्षांश-रेखांश, खोली, अंदाजे लांबी, ताणून मोजलेली आस, धागा तंगुसाचा की पिळाचा, जिवंत व मेलेले जीव, आणि किती डायव्हर किती मिनिटं खाली होते, हे लिहा. शेवटचा आकडा नसेल तर वजनाला अर्थ उरत नाही. ‘डाइव्ह अगेन्स्ट डेब्री’ या जागतिक नोंदीत माहिती भरणार असाल तर तिची वर्गवारी आधी छापून घ्या आणि दर वेळी त्याच जागेची तीच सीमा धरा.

धागा कशाचा ते ओळखायला खाऱ्या पाण्याची बादली पुरते. स्वच्छ धुतलेला तुकडा आत दाबून हवेचे बुडबुडे काढा: नायलॉन बुडतं, पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पुनर्वापर करणाऱ्याला हे वेगवेगळं लागतं, एकत्र केलेलं जाळं तो घेत नाही. दोर, बोये आणि शिसं काढून वेगळं करा. शिसं हाताळल्यावर हात धुवा. जाळं उघड्यावर वाळवताना त्यात पक्षी आणि कुत्री अडकतात, म्हणून छताखाली वाळवा. जाळायचं नाही, आणि किनाऱ्यावर ‘उद्या नेऊ’ म्हणून ठेवायचं तर मुळीच नाही, पुढच्या उधाणात ते परत पाण्यात जातं.

जिथे तुकडा मुद्दाम सोडला तिथला फोटो महिन्याने आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा त्याच कोनातून घ्या. कापलेली टोकं सुटून हलायला लागली असतील तर तेवढीच टोकं पुन्हा लगत कापा.